तिसऱ्या ओळीत कोण बसणार?

(भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगर येथे, आयुधनिर्माणीच्या वसाहतीत, झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्यासपीठावर संतांवर बोलणं झालं आहे, सिंचनावर झालं आहे, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर तर झालंच पाहिजे. मोटारगाडीवर बोलतो म्हटल्यावर संयोजकांपैकी एकदोघांच्या कपाळावर आठ्या पडल्या, असं कानावर आलं. त्यांनी तरीही मला बोलावलं, म्हणून आधी त्यांचे आभार. स्मरणार्थ बोलायचं म्हणजे गेलेल्यांचीच चर्चा करायची असं नाही; त्यांनी ज्या गोष्टींकडे कुतूहलानं पाहिलं असतं त्यांच्याकडे पाहायचं, हीसुद्धा एक रीत आहे.

माझा विषय आहे मध्यम आकाराची, तीन ओळींची कौटुंबिक गाडी. शोरूमवाले तिला ‘सेव्हन सीटर एसयूव्ही’ म्हणतात, इंजिनिअर मंडळी क्रॉसओव्हर म्हणतात. बाहेरून जीपसारखी उंच आणि हाडापेरानं कार, अशी ही जात. महिंद्रांची एक्सयूव्ही ५००, तिच्यानंतरची एक्सयूव्ही ७००, टाटांची नवी सफारी, जीप मेरिडियन, स्कोडा कोडियाक. यातल्या पहिल्या चार पुणे जिल्ह्यात चाकण, पिंपरी, रांजणगावला तयार झाल्या, आणि कोडियाकची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते. म्हणजे हा विषय परका नाही, घरचाच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. अशी गाडी पाहायला गेलो की आपण पुढचा पडदा पाहतो, काचेचं छत पाहतो, दार ठोकून आवाज ऐकतो. गाडी बनवणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होत नाही. ती तिसऱ्या ओळीत होते. आणि त्या ओळीचं गेल्या तीसेक वर्षांत काय झालं ते पाहिलं, तर आपले कारखाने कसं शिकले, सरकारनं काय केलं आणि आपल्या घरात कोणाला कुठे बसवतात, हे सगळंच दिसतं.

तुमच्यापैकी ज्यांची वयं माझ्याएवढी आहेत त्यांना तिसरी ओळ पहिल्यांदा भेटली ती काळी-पिवळीत. जवळच्या ठाणा गावाच्या पेट्रोल पंपावर उभं राहायचं, भंडाऱ्याकडे जाणारी जीप किंवा ट्रॅक्स आली की मागचं दार उघडायचं आणि आडव्या बाकड्यावर शिरायचं. समोरासमोर दोन बाकडी, मधे सगळ्यांचे गुडघे, आणि गुडघ्यांच्या मधे कोणाची तरी भाजीची पिशवी. ब्रेक लागला की अख्खी रांग ड्रायव्हरकडे सरकायची. क्लीनर ‘सरका, सरका’ म्हणायचा आणि आश्चर्य म्हणजे खरोखरच आणखी एकाची जागा निघायची. गाडीच्या कागदपत्रात किती आसनं लिहिली आहेत, याचा त्या व्यवहाराशी काही संबंध नसे.

ही आडवी बाकडी फौजेतून आली. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जुळवायला घेतली, आणि पुढे अनेक वर्षं आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे थोडीफार लांबवलेली जीपच होती. या वसाहतीत जोंगा माहीत नसलेलं घर विरळा. जबलपूरच्या वाहन निर्माणीत निसान पेट्रोलच्या आराखड्यावर ती बनायची, आणि तिच्या नावातच जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज सगळे बसले आहेत. मागे शिपाई समोरासमोर बसणार, हत्यारं मधे ठेवणार, उडी मारून उतरणार, असा त्या मांडणीमागचा हिशेब होता. तो फौजेला बरोबर होता. आजीला तो कसा चालावा? पण आपल्या कंपन्यांनी पुष्कळ वर्षं आजीला त्याच बाकड्यावर बसवलं. १९९४ ची टाटा सुमो घ्या. तिचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावातून घडवलेलं आणि गाडी दहा माणसांची, पण मागे बाकडी समोरासमोरच. १९९८ ची पहिली सफारी त्या काळी श्रीमंती थाटाची गणली जायची. तिच्याही मागे आडव्या घडीच्या सिटा होत्या. आडव्या बसलेल्या माणसाला समोरून टक्कर बसली तर पट्टा असून नसल्यासारखा. कमरेतून आणि मानेतून शरीर भलत्याच दिशेनं पिळलं जातं.

मग सरळ, पुढे तोंड करून सिटा लावायला इतकी वर्षं का लागली? इथे जरा गाडीखाली वाकावं लागेल.

जुन्या पद्धतीच्या गाडीत खाली चासी असते, लांब दोन लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, अ‍ॅक्सल सगळं तिला लटकवायचं आणि वरून बॉडी ठेवायची. ट्रक असाच बनतो. ही रचना दणकट असते, खड्ड्याला भीत नाही. पण माणसाच्या पायाखालची जमीन त्या तुळयांच्या वर येते. मागे तर आणखी अडचण. मागच्या चाकांना ताकद पोचवायला अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, आणि खड्ड्यात चाक वर उसळलं की तो गोळाही वर येतो. त्याला उसळायला जागा ठेवायची म्हणून तळ आणखी उचलायचा. तिसरी ओळ बरोब्बर तिथेच येते. तळ उंच, छत तेवढंच, मग सीट जमिनीला टेकवल्याशिवाय गत्यंतर नाही. बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. भंडाऱ्याहून पवनीपर्यंत ठीक, पंढरपूरला जाऊन पाहा.

त्यात चाकांच्या कमानी दोन्ही बाजूंनी आत घुसतात, म्हणून रुंदी कमी. दुसऱ्या ओळीखाली पेट्रोलची टाकी, तिसरीखाली स्टेपनी. एसीचा थंड वारा पुढून मागे येईपर्यंत कोमट झालेला, म्हणून मागे वेगळी सोय करायची, तिच्या नळ्या छतातून न्यायच्या, म्हणजे छत पुन्हा दोन बोटं खाली. आणि डिझाइनवाल्याला मागचा उतार हवा असतो, कारण उतरत्या छताची गाडी फोटोत धावती दिसते. सगळ्यांना हवं ते देऊन झाल्यावर जे मिलिमीटर उरतात ते तिसऱ्या ओळीच्या वाट्याला.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे मोनोकॉक. चासी काढून टाकायची आणि पत्र्याची पेटी अशी घडवायची की पेटीच चासीचं काम करील. इंजिन आडवं बसवायचं, ताकद पुढच्या चाकांना द्यायची. मागे ना शाफ्ट, ना गोळा. तळ खाली येतो. साध्या कार कधीच्या अशाच बनतात. पण जी कंपनी पन्नास वर्षं चासीच्या गाड्या करत आली तिला हे शिकायचं म्हणजे हात बदलायचा. चासीच्या गाडीत बॉडीचं गणित थोडं चुकलं तरी चासी सांभाळून घेते. मोनोकॉकमध्ये एका खांबाची जाडी चुकली तर दार करकरतं, काच तडकते, टकरीत पेटी दुमडते. साचे नवे, वेल्डिंग नवं, आकडेमोड नवी.

महिंद्रांची तालीम सुरू झाली ती नाशिकला. पवन गोएंका १९९३ मध्ये डेट्रॉइटची जनरल मोटर्सची नोकरी सोडून नाशिकच्या संशोधन विभागात आले. २००२ च्या जूनमध्ये स्कॉर्पिओ आली. सुमारे सहाशे कोटी रुपयांत नवी गाडी उभी केली, याचं तेव्हा जगभर कौतुक झालं, कारण मोठ्या विदेशी कंपन्या एवढ्या कामाला याच्या कितीतरी पट खर्च करत. युक्ती अशी होती की सुटे भाग देणाऱ्यांना आराखडा तयार झाल्यावर बोलवायचं नाही, पहिल्याच दिवशी टेबलावर बसवायचं. सीट तुम्ही बनवणार ना, मग ती कशी असावी हेही तुम्हीच सांगा. एरवी आपल्याकडे पुरवठादार म्हणजे दाराबाहेर चपला काढून उभा राहणारा माणूस. तो टेबलाशी आला, ही मला इंजिनाइतकीच मोठी गोष्ट वाटते. पण स्कॉर्पिओ चासीचीच होती.

खरी उडी एक्सयूव्ही ५००. आतलं सांकेतिक नाव डब्ल्यू २०१. रामकृपा अनंतन या तिच्या डिझाइन प्रमुख होत्या. बिट्स पिलानीत यंत्र अभियांत्रिकी आणि मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातलं शिक्षण. चित्त्याची चाल डोळ्यासमोर ठेवून गाडी रेखाटली असं कंपनी सांगते, आणि दाराच्या मुठी चित्त्याच्या पंजासारख्या आहेत हे तुम्हीही पाहिलं असेल. मला तो चित्ता जरा जास्तच ओरबाडणारा वाटला, पण ते जाऊ द्या. मुद्दा आतला. लांबी ४५८५ मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर २७०० मिलिमीटर, २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १४० अश्वशक्ती, पुढच्या चाकांना ताकद, आणि तिन्ही ओळी पुढे तोंड केलेल्या. २९ सप्टेंबर २०११ ला बाजारात आली तेव्हा सुरुवातीची दिल्लीतली किंमत १० लाख ८० हजार होती. त्या किमतीत तेव्हा साधी सेडान मिळायची. बुकिंग एवढं झालं की कंपनीला ते थांबवावं लागलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा गाड्या सोडतीनं वाटाव्या लागल्या. म्हाडाच्या घरासारखी मोटारीची सोडत निघाली. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत संपल्या.

इथे क्षणभर आपल्या जिल्ह्याकडे येतो. चाकणला गाडी बनते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे चाकणला ती जुळते. ती बनते दहा ठिकाणी. गिअरच्या दातांना, क्रँकला, चाकाच्या आसाला लागतं ते खास मिश्रधातूचं पोलाद. तसलं पोलाद वाहन उद्योगाला पुरवणारा सनफ्लॅगचा कारखाना वरठीला आहे. पोलादाला लागतं मँगनीज, आणि तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी मँगनीजसाठीच प्रसिद्ध. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स होतात. तेव्हा भंडारा म्हणजे धान, पितळ आणि तलाव हे खरं असलं तरी तेवढंच नाही. आपल्याकडे गाडीचं हाड तयार होतं. त्यावर कातडं चढवून तिला नाव देण्याचं काम मात्र पुण्याला होतं, आणि पैसा कातड्याला जास्त मिळतो. हे भाषण त्याबद्दल नाही, पण तरुण मंडळींनी टिपून ठेवायला हरकत नाही.

आता सरकार. गाडीचा आराखडा इंजिनिअर काढतो असा आपला समज असतो. आपल्याकडे निम्मा आराखडा करखात्यानं काढला आहे.

गाडी चार मीटरच्या आत असेल आणि इंजिन ठरावीक मापाच्या आत असेल, तर उत्पादन शुल्क बरंच कमी, असा नियम आपल्याकडे आला. हेतू चांगला होता, छोट्या गाड्या स्वस्त व्हाव्यात. परिणाम काय झाला? महिंद्रांची झायलो ही घरदार मावेल अशी ऐसपैस गाडी होती, तिच्या तिसऱ्या ओळीत माणूस सरळ बसत असे. २०१२ मध्ये तीच गाडी मागून छाटून चार मीटरच्या आत बसवली आणि क्वांटो नावानं आणली. छाटली कुठून, तर अर्थात मागून. तिसऱ्या ओळीच्या जागी पुन्हा त्याच आडव्या घडीच्या सिटा. काळी-पिवळीतून आजीला बाहेर काढायला जी वीस वर्षं लागली ती कराच्या एका कलमानं परत घेतली. क्वांटो फारशी चालली नाही, हे ग्राहकाच्या शहाणपणाला धरूनच झालं.

दुसरा किस्सा जमिनीचा. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क २७ वरून ३० टक्के केलं. पण एसयूव्ही म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासून तळाचं अंतर १७० मिलिमीटर किंवा जास्त. महिंद्रांनी एक्सयूव्ही ५०० चा तळ १६० मिलिमीटरवर आणला. झालं, गाडी कागदावर एसयूव्ही उरली नाही. जाहिरातीत तीच डोंगरावर चढते आहे, आणि अबकारी खात्याच्या दृष्टीनं ती साधी मोटार. पुढे जीएसटी आला, त्यावर उपकर आला, आणि २०२३ च्या जुलैमध्ये जीएसटी परिषदेला स्पष्ट करावं लागलं की १७० मिलिमीटर मोजायचे ते रिकाम्या गाडीचे. कारण भरलेल्या गाडीचे मोजले तर मामा-मामी मागे बसले की कर कमी! सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के लागतो आणि उपकर गेला, त्यामुळे ही फूटपट्टीची करमणूक एकदाची थांबली.

न्यायालयानंही हातभार लावला. दिल्लीच्या धुरामुळे डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजधानी परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. एक्सयूव्ही ५०० चं इंजिन २१७९ सीसीचं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं १.९९ लिटरचं इंजिन आणलं, ताकद जवळपास तीच. त्या सुमारे एकशे नव्वद सीसीमुळे दिल्लीची हवा किती सुधारली असेल हे तुम्हीच ठरवा. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित उपकर घेऊन बंदी उठली. मी नियमांच्या विरोधात नाही. उलट २०२० मध्ये बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर जाण्याचा नियम कडक होता आणि त्यानं इंजिनं खरोखर सुधारली. फरक इतकाच की जो नियम धुराला हात घालतो त्यावर इंजिनिअर विचार करतो, आणि जो नियम फूटपट्टीला हात घालतो त्यावर वकील.

आता आपण, म्हणजे घेणारे. नाशिकला २०१८ मध्ये एक गाडी तयार झाली, मराझो. चासी होती, पण इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना, अशी निराळीच जुळणी. मागे शाफ्ट नाही, तळ सपाट. एसीची वाट छताच्या मधोमध. मी त्या काळात ज्या गाड्यांच्या तिसऱ्या ओळीत बसलो त्यांत इतकी सुखाची ओळ त्या किमतीत दुसरी नव्हती. ती विकली गेली नाही. का? तर ती व्हॅनसारखी दिसते! ‘ही टॅक्सी वाटते हो.’ आपल्याला तीन ओळी हव्या असतात, पण तीन ओळी आहेत हे शेजाऱ्याला दिसता कामा नये. अमेरिकेतही हेच घडलं. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरनं मिनीव्हॅन आणली, घराघरांत गेली, आणि मग त्याच घरांतल्या मुलांनी मोठं होऊन म्हटलं, आईची गाडी नको. त्यातून तीन ओळींचे क्रॉसओव्हर वाढले. माणसं तीच, सामान तेच, बाहेरचा थाट तेवढा बदलला.

त्या थाटाची किंमत तिसरी ओळ मोजते. टाटांची पाच आसनांची हॅरियर २०१९ ला आली, लँड रोव्हरच्या आराखड्यावरून घडवलेल्या पायावर. २०२१ मध्ये तिचीच सात आसनांची सफारी झाली. चाकांमधलं अंतर तेच, २७४१ मिलिमीटर. लांबी फक्त ६३ मिलिमीटरनं वाढवली. ६३ मिलिमीटर म्हणजे आपली चार बोटं. छत मागे उचललं, म्हणून डोकं आपटत नाही, हे कबूल. पण सगळ्या सिटा उभ्या केल्यावर डिक्कीत ७३ लिटर जागा उरते. आपल्या भाषेत, धानाचा ४० किलोचा एक कट्टा बसतो न बसतो. सात माणसं निघाली आणि त्यांची सामानाची पिशवी एकच! एक्सयूव्ही ५०० मध्ये ९३ लिटर होती, म्हणजे कट्ट्याबरोबर चपलांचा जोड. रांजणगावला मेरिडियन करताना जीपनं कंपासचा पाया चाकांच्या मधेच जवळपास दीडशे मिलिमीटरनं ताणला, ते खर्चाचं काम होतं. आणि तरीही उंच माणसानं मागे बसू नये. रांजणगावचीच दुसरी गंमत म्हणजे सफारी आणि मेरिडियन शोरूममध्ये एकमेकींच्या वैरिणी, पण दोघींचं दोन लिटरचं डिझेल इंजिन तिथल्या एकाच कारखान्यातलं.

मग या मागच्या ओळीत बसतं कोण? पुढे ड्रायव्हरशेजारी घरातला कर्ता, मधल्या ओळीत सासूबाई आणि पाहुणे, आणि मागे मुलं. मुलं कमी पडली तर धाकटी सून, मांडीवर डबा. हे कोणत्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण लग्नाच्या वऱ्हाडात कोणतंही मागचं दार उघडून पाहा. कंपन्यांनाही ते कळतं. म्हणून मधल्या ओळीत आता दोन सुट्या, हात टेकायच्या ‘कॅप्टन’ खुर्च्या देतात. त्यानं एक माणूस कमी होतो, पण मधून वाट मिळते, सीट न उलथवता मागे जाता येतं. मला ही सोय आवडते. मात्र खरेदीच्या दिवशी तिसऱ्या ओळीत कोणी बसून पाहत नाही, कारण जिला तिथे बसायचं आहे तिला शोरूममध्ये नेलेलंच नसतं.

आणि एकदा घेतल्यावर? वर्षातले बहुतेक दिवस ती ओळ दुमडलेली असते. दोन लग्नं, एक शेगाव, मे महिन्यातला एक प्रवास. त्या दिवसांसाठी आपण लाख-दीड लाख जास्त देतो. यात मूर्खपणा आहे असं मला वाटत नाही. घरात पाहुण्यांसाठी गादी ठेवतोच की आपण.

आता सुरक्षिततेविषयी. इथे मला थोडं जपून बोलायला हवं, कारण त्यात प्रणोदकाचं, म्हणजे वेगानं जळून वायू सोडणाऱ्या पदार्थाचं, रसायन येतं आणि समोर बसलेल्यांना त्याची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

एअरबॅग हवेनं फुगते असा सार्वत्रिक समज आहे. कुठे पंप असेल, तो हवा भरत असेल. पंपानं भरेपर्यंत माणसाचं तोंड स्टीअरिंगवर आपटून झालं असतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी तयार हवी. म्हणून आत प्रणोदकाच्या गोळ्या असतात. ठिणगी पडते, गोळ्या जळतात, वायू सुटतो, पिशवी भरते. सीटबेल्ट झटक्यात आवळणाऱ्या यंत्रातही तसंच थोडंसं असतं. म्हणजे ज्या विद्येवर ही वसाहत १९६० च्या दशकापासून उभी आहे तिचा अगदी लहान, पाळीव नमुना आज प्रत्येक गाडीच्या स्टीअरिंगमध्ये आहे. वेगानं जळावं, पण फुटू नये. किती वेगानं जळावं हे ठरवणं हीच सगळी विद्या. जपानच्या टाकाटा कंपनीनं स्वस्तात पडावं म्हणून अमोनियम नायट्रेट वापरलं. दमट हवेत वर्षानुवर्षं तापून-निवून त्या गोळ्यांची रचना बिघडली, त्या जास्त वेगानं जळू लागल्या आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे माणसांना लागले. माणसं गेली. जगभरात कोट्यवधी एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही त्यांत होत्या, आणि २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी पुकारली. दमट हवा आणि प्रणोदक यांचं वैर काय असतं हे इथे कोणाला शिकवायची गरज नाही. २४ जानेवारी २०२५ ला इथल्या निर्माणीत झालेल्या स्फोटात ज्या कामगारांचे प्राण गेले, त्यांची आठवण या व्यासपीठावरून केल्याशिवाय मला या विषयावर पुढे बोलता येत नाही.

मग तारे. आपल्या शेजारचे, नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी भारत एनकॅप ही टक्कर-चाचणी सुरू केली, आणि त्या डिसेंबरात पहिले पाच तारे मिळाले ते हॅरियर आणि सफारीला. एक्सयूव्ही ७०० ला ग्लोबल एनकॅपनं आधीच, २०२१ मध्ये, पाच दिले होते. हे खरंच मोठं काम आहे. दहा वर्षांपूर्वी आपल्या कितीतरी गाड्यांना शून्य मिळत होतं. पण तारे कशाचे ते समजून घ्या. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी समोरून अर्धवट आपटतात, बाजूनं धडक देतात, खांबाला घालतात. मोठ्या माणसांचे पुतळे पुढे असतात, मुलांचे दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत पुतळा नसतो. आणि मागून ट्रकनं धडक दिली तर काय, याची त्या ताऱ्यांत गणतीच नाही. आपण राष्ट्रीय महामार्गावर राहतो. रात्री ठाण्याच्या वळणावर थांबलेल्या गाडीला मागून काय येऊन बसतं हे आपल्याला माहीत आहे. तिसऱ्या ओळीची पाठ आणि मागचं दार यांत वीतभर अंतर असतं. म्हणून शोरूममध्ये विचारायचं ते हे: पडद्याची एअरबॅग तिसऱ्या काचेपर्यंत येते का? मागच्या दोघांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? मागे डोक्याला टेकू उंच होतो का? विक्रेता गोंधळला तर समजावं की हे विचारणारे आपण पहिलेच.

आणि पट्टा असेल तर बांधा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी उत्तम होती, ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. मागच्यांनी पट्टा बांधावा हा नियम त्याआधीपासून होता. आपल्याकडे तो फक्त पुढच्यांसाठी आहे असं सगळे धरून चालतात, पोलीससुद्धा.

शेवटी विजेच्या गाडीविषयी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महिंद्रांनी सात आसनांची विजेची एक्सईव्ही ९एस आणली. विजेच्या गाडीत पुढे इंजिन नाही, मधे शाफ्ट नाही, टाकी नाही. तिसऱ्या ओळीचे सगळे जुने शत्रू गेले असं वाटेल. पण बॅटरी कुठे ठेवायची? तळाखाली, अख्ख्या लांबीत पसरून. म्हणजे पायाखालची जमीन पुन्हा वर आली, जशी चासीच्या काळात होती, आणि गुडघे पुन्हा छातीकडे निघाले. आता तीच जुनी झटापट नव्यानं सुरू आहे: बॅटरीचे सेल किती पातळ करायचे, पावलांसाठी पेटीला खोबण द्यायची का, सीट पुढे-मागे सरकती ठेवायची का. जो हे नीट सोडवील त्याची गाडी घ्यावी, मग तिच्या पुढच्या पडद्यावर काहीही नाचत असो.

माझं बोलणं झालं. तुमचे काही प्रश्न असतील तर विचारा. फक्त प्रणोदकाबद्दलचे मला विचारू नका. त्यांची उत्तरं देणारी माणसं समोर बसली आहेत, आणि मलाच त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.